उलुब्रायकरांचं काय होणार?

रोमहून दक्षिणेला अप्पियन मार्गानं निघालं की एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे नजर पोचेल तिथवर चिखल अशी जागा लागायची. ही पोम्प्टाइन दलदल फार प्रसिद्ध होती. म्हणजे डास, बेडूक आणि हिवताप यांच्या जोरावर जितकं प्रसिद्ध होता येतं तितकी. तिच्या काठावर उलुब्राय नावाचं गाव होतं. आजच्या चिस्तेर्ना दि लातिनाच्या आसपास ते असावं असं मानतात. थोरल्या प्लिनीनं इटलीतल्या गावांची जी वर्णानुक्रमी जंत्री दिली आहे तिच्यात उलुब्रायकरांचं नाव आहे, पार शेपटाशी.

एवढ्याशा गावाचं नाव दोन हजार वर्षं टिकायचं खरं तर काही कारण नव्हतं. ते टिकलं, कारण लॅटिनमधल्या तीन मातब्बर लेखकांना आपापल्या वेळी एका आडगावाचं नाव हवं होतं. सिसेरोला थट्टेसाठी, होरेसला उपदेशासाठी आणि युवेनालला टोमण्यासाठी. तिघांनीही उलुब्रायच उचललं. गंमत म्हणजे तिघांचं सगळं लिहिणं एकत्र केलं तरी उलुब्रायमधली एक गल्ली, एक देऊळ किंवा नावगाव असलेला एक माणूस हाती लागत नाही. बेडूक मात्र लागतात.

बेडकांकडे जाण्याआधी गायुस ट्रेबाटियस टेस्टाकडे जायला हवं. हा कायदेपंडित, दक्षिणेकडच्या वेलियाचा, सिसेरोपेक्षा वयानं बराच लहान आणि त्याचा लाडका. इसवी सनपूर्व ५४ मध्ये सिसेरोनं त्याला शिफारसपत्र देऊन गॉलमध्ये सीझरच्या छावणीत पाठवलं. पोराचं भलं होईल, चार पैसे गाठीला लागतील, हा हेतू. पण वकिलाला छावणीत करमणार कसं? तिथं जमिनीचे तंटे दाव्यानं मिटत नव्हते, तलवारीनं मिटत होते. ट्रेबाटियस कुरकुरत राहिला आणि सिसेरो त्याला पत्रांतून चिमटे काढत राहिला. रोममध्ये पोहण्याचा एवढा षोक आणि ब्रिटनच्या समुद्रात उतरायला मात्र नको, असं एकदा. ब्रिटनमध्ये सोनंनाणं नसलं तर निदान एखादा रथ पकडून परत ये, असं एकदा. त्याला लिहिलेली सतरा पत्रं आज आपल्यापाशी आहेत. सिसेरोची भाषणं वाचून ज्यांना त्याचा धाक बसला असेल त्यांनी ही पत्रं वाचावीत. अख्ख्या सिनेटला घाम फोडणारा हा माणूस इथं थोरल्या भावासारखा टपल्या मारत बसलेला दिसतो.

आता हा ट्रेबाटियस उलुब्रायचा कैवारी होता. रोमन रिवाजात लहान गावं राजधानीतला एखादा वजनदार माणूस आपला म्हणून धरून ठेवत. सिनेटमध्ये शब्द टाकायचा, खटल्यात उभं राहायचं, कुणा अधिकाऱ्याकडे अडलेलं काम सोडवायचं, ही त्याची कामं. उलुब्रायकरांनी कायद्यातला माणूस धरला. हिशेब तसा पक्का होता. फक्त तो माणूस हजार मैलांवर गॉलमधल्या थंडीत, सामारोब्रिवाला जाऊन बसला, याला ते बिचारे काय करणार?

इसवी सनपूर्व ५३ च्या सुरुवातीला सिसेरोच्या कानावर आलं की ट्रेबाटियस तिकडं जाऊन एपिक्युरसच्या पंथाला लागला आहे. बातमी आणली सिसेरोचा मित्र पान्सानं. सिसेरोला आयतंच कोलीत मिळालं. त्यानं पत्रात प्रश्नांची सरबत्ती केली. प्रत्येकानं स्वतःचं सुख पाहायचं असेल तर कायद्यातल्या सचोटीच्या कलमांचं काय? देव कुणावर रागावतच नसेल तर त्याच्या नावानं शपथ कशी घ्यायची? आणि शेवटचा प्रश्न: एपिक्युरसवाल्यांनी राजकारणात पडायचं नसतं, मग तुझ्या त्या उलुब्रायकरांचं काय होणार?

या प्रश्नावर रोममधले लोक खदखदून हसले असतील. मला मात्र तो प्रश्न जसाच्या तसा पडतो. खरंच, काय झालं असेल त्यांचं? एखाद्या शेतकऱ्याचा बांध सरकला असेल, कालव्याच्या पाण्यावरून वाद पेटला असेल, गावातली चार पोक्त मंडळी झगे झटकून रोमला निघाली असतील आणि ट्रेबाटियसच्या दारात कळलं असेल की साहेब बाहेरगावी आहेत. कधी येतील? सांगता येत नाही. साहेबांनी हल्ली तत्त्वज्ञान घेतलं आहे.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सिसेरो स्वतः त्या दलदलीच्या मुलखात मुक्कामाला आला. तिथून त्यानं ट्रेबाटियसला जे पत्र धाडलं ते मला या सगळ्या पत्रव्यवहारात सर्वांत आवडतं. तू सांगितलंस म्हणून तुझं पत्र वाचून फाडलं, असं तो लिहितो. पण बिचाऱ्याचा काहीच गुन्हा नव्हता, भर सभेत वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं असंच ते होतं. पुढं कागदाची चौकशी. ट्रेबाटियसनं जुनं लिखाण खरवडून त्याच पानावर नवं पत्र लिहिलेलं. काटकसरीचं कौतुक करून सिसेरो विचारतो, या मजकुराला जागा करून देण्यासाठी खोडावं असं त्याहून टाकाऊ तुझ्यापाशी होतं तरी काय? तुझे कायद्याचे मसुदे तर नव्हेत ना? माझी पत्रं खोडून त्यांवर तू तुझी लिहीत असशील असं तर मी मनातही आणत नाही.

आणि मग बेडूक. सिसेरो सांगतो की वाटेत एका ओळखीच्याच्या वाड्यावर उतरलो तेव्हाच माझ्या आश्रितांचा कोलाहल कानी आला, तूच मला जोडून दिलेले ते. उलुब्रायला माझ्या स्वागतासाठी बेडकांची प्रचंड फौज उठल्याचं सगळे सांगतात. म्हणजे कैवारी परदेशी, गाव पोरकं, म्हणून ते तात्पुरतं सिसेरोच्या पदरात आलं आणि नव्या कैवाऱ्याचा जयजयकार करायला पुढं झाले ते हे. एप्रिल म्हणजे त्यांचा ऐन हंगाम. पाहुणा कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, पण सिसेरोनं सत्कार स्वीकारला. आयुष्यभर टाळ्यांची सवय असलेल्या माणसाला डराँव डराँवही आपल्यासाठीच वाटावं यात नवल नाही. इथं तो ते स्वतःच ओळखून हसतो, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. तरी एक गोष्ट खटकते. कैवारी पाहिजे म्हणून धडपडणारी उलुब्रायची माणसं या विनोदात बेडकांच्या जागी जाऊन बसली. त्यांनी केलेला अर्ज आणि डबक्यातली ओरड, दोन्ही एकाच पिशवीत.

त्या बेडकांची दुसरी साक्ष होरेसची आहे. इसवी सनपूर्व ३७ च्या सुमारास तो आपला आश्रयदाता मीसेनस याच्या लवाजम्याला गाठायला दक्षिणेकडे निघाला होता. दलदलीतून रस्त्याला समांतर एक कालवा जात असे. संध्याकाळी नावेत बसायचं, काठावरून खेचर नाव ओढणार, प्रवासी झोपणार आणि सकाळी पलीकडे उतरणार, अशी सोय. कागदावर इतकी सुंदर सोय असली की प्रत्यक्षात काय होतं ते कुणाला सांगायला नको. तिथलं पाणी इतकं वाईट की होरेसनं जेवणालाच रजा दिली. भाडं गोळा करण्यात आणि खेचर जुंपण्यात तास गेला. डासांनी आणि बेडकांनी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. आंबट दारू ढोसलेला नावाडी आपल्या दूर राहिलेल्या प्रियेची गाणी आळवत होता, त्याला साथ द्यायला एक प्रवासीही होता. शेवटी सगळे पेंगले. नावाड्यानं खेचराला चरायला सोडलं, दोर दगडाला बांधला आणि पाठीवर पडून घोरायला लागला. उजाडल्यावर लक्षात आलं की नाव जागची हललेलीच नाही. मग एका तापट गृहस्थानं उडी मारली, विलोची फांदी मोडली आणि नावाडी व खेचर यांच्यात दुजाभाव न करता दोघांनाही झोडपलं.

याच प्रवासवर्णनात पुढं एक गाव असं येतं की ज्याचं नावच होरेस सांगत नाही, कारण ते वृत्तात बसत नाही. खुणा सांगतो: तिथं पाणी विकत घ्यावं लागतं, पण पाव इतका छान की जाणता वाटसरू पुढच्या मुक्कामासाठी पाठीवर बांधून नेतो. उत्तम पाव भाजूनही ते गाव नावाला मुकलं, आणि उलुब्राय कवितेत बसलं ते निव्वळ मात्रांच्या मेहेरबानीनं. अमर होण्याचे नियम असे आहेत.

दलदलीचा बंदोबस्त करायचं मात्र सगळ्यांच्या मनात होतं. सीझरनं ती कोरडी करायचा बेत आखला आणि त्याचा खून झाला. अठराव्या शतकात पोप सहावे पायस यांनी मोठा कालवा खोदून पाहिला. अखेर १९३० च्या दशकात पंप आणि कालवे घालून ती आटवली गेली. १९३२ मध्ये लित्तोरिया हे नवं शहर वसलं, ते आजचं लातिना. डासांचं राज्य संपलं ते चांगलंच झालं. बेडकांच्या बाजूनं कुणी बोललं नाही. त्यांचा कैवारी त्या वेळीही बाहेरगावी असावा.

होरेसकडे परत येऊ. इसवी सनपूर्व २० च्या आसपास प्रसिद्ध झालेल्या पत्रकाव्यांत त्यानं बुल्लाटियस नावाच्या मित्राला एक पत्र लिहिलं आहे. हा मित्र पूर्वेकडे फिरत होता: खिओस, लेस्बोस, सामोस, सार्डिस, स्मिर्ना. होरेस त्याला समजावतो की समुद्र ओलांडणाऱ्याचं आभाळ बदलतं, मन तेच राहतं. जहाजं आणि घोडागाड्या दामटून आपण सुखाच्या मागे धावतो, आणि ते तर इथंच आहे. मन ठिकाणावर असेल तर उलुब्रायलासुद्धा आहे. आपल्याकडे काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातलाच प्रकार.

उपदेश खरा आहे. तो ज्या ठिकाणाहून आला ते ठिकाण तेवढं लक्षात ठेवावं. होरेस हे लिहितो तेव्हा त्याच्यापाशी सॅबाइन डोंगरातली जमीन होती, झरा होता, सावली होती, राबायला माणसं होती. मन ठिकाणावर ठेवायला हवापाण्याची चांगली मदत होत असणार. तिथं बसून दुसऱ्याला उलुब्रायमध्ये सुख शोधायला सांगणं सोपं आहे. आणि त्या 'सुद्धा'चं काय करायचं? एखाद्या उलुब्रायकरानं ही ओळ ऐकली असेल तर मान डोलवावी की वाईट वाटून घ्यावं, हे त्याला कळलं नसेल. घरी आलेल्या पाहुण्यानं सगळं ताट संपवून, मन समाधानी असलं की तुमच्या हातचंही गोड लागतं, असं म्हणावं, तसं ते आहे.

होरेसला हे गाव सुचलं कुठून, याचा मी माझ्यापुरता एक अंदाज केला आहे. तो ट्रेबाटियसला चांगला ओळखत होता. एका उपरोधिकेत होरेसनं म्हाताऱ्या ट्रेबाटियसला सल्लागार म्हणून आणलंय. झोप येत नसेल तर कविता लिहू नकोस, अंगाला तेल चोळून तीनदा तायबर पोहून जा आणि रात्री चांगली दारू घे, असा सल्ला तो वकिली मसुद्याच्या भाषेत देतो. पोहण्याचं वेड म्हातारपणीही सुटलेलं नव्हतं तर! अशा माणसाशी गप्पा मारताना कधीतरी उलुब्रायचा विषय निघालाच असेल. कैवारी मंडळी आपल्या गावाबद्दल खाजगीत जे बोलतात ते नेहमीच छापण्यासारखं नसतं.

बाकी होरेस प्रामाणिक होता. दुसऱ्या एका पत्रात तो स्वतःच कबूल करतो की रोममध्ये असलो की मला तिबुरची ओढ लागते आणि तिबुरला गेलो की रोमची. या येरझाऱ्यांत उलुब्राय कुठंच येत नाही.

तिसरा माणूस युवेनाल. काळ दुसऱ्या शतकाचा, तब्येत तिरसट. माणसं देवाकडे जे मागतात त्यानंच त्यांचा घात कसा होतो, यावर त्याची एक मोठी उपरोधिका आहे. तिच्यात सेयानुसची गोष्ट येते. टायबेरियस बादशहाचा हा उजवा हात. इसवी सन ३१ मध्ये एका दिवसात त्याचं होत्याचं नव्हतं झालं. सकाळी सिनेटमध्ये मानानं शिरलेला माणूस संध्याकाळपर्यंत मारला गेला. युवेनाल त्याच्या पुतळ्यांचं काय झालं ते सांगतो. दोर लावून ते खाली ओढले, भट्टीत घातले, आणि जगातला दोन नंबरचा जो चेहरा त्याच्या पितळेतून तांबे, घंगाळी, तवे आणि रात्री खाटेखाली ठेवायची भांडी झाली. मग तो वाचकाला विचारतो: तुला या सेयानुसचा झगा हवा, की फिडेनाय नाहीतर गाबीचा अधिकारी होऊन, ओस पडलेल्या उलुब्रायमध्ये फाटक्या कपड्यांतला एडाइल होऊन मापं तपासत, खोटी भांडी फोडत जगणं बरं?

दगडापेक्षा वीट मऊ, असं उत्तर त्याला अपेक्षित आहे, आणि ते पटतंही. फक्त फिडेनायचं उदाहरण घेताना त्यानं क्षणभर थांबायला हवं होतं. सेयानुस जोरात होता त्याच काळात, इसवी सन २७ मध्ये, फिडेनायला कुणा अटिलियसनं घाईघाईत उभारलेलं लाकडी प्रेक्षागार माणसांनी खच्चून भरलं असताना कोसळलं. मेलेले आणि जायबंदी मिळून पन्नास हजार, असं इतिहासकार टॅसिटस सांगतो. लहान गावात निवांत जगता येतं, हे शहरातल्या लोकांचं जुनं लाडकं मत आहे.

तरी त्या एडाइलवर माझा जीव आहे. बाजारावर देखरेख, रस्त्यांची डागडुजी आणि वजनमापांची तपासणी ही एडाइलची कामं. हे काम कसं चाले त्याची चांगली कल्पना पॉम्पेईच्या चौकातल्या मापांच्या दगडी चौथऱ्यावरून येते. आडव्या शिळेत वेगवेगळ्या आकारांचे गोल खळगे कोरलेले, प्रत्येकाच्या तळाशी भोक. भोक बंद करून खळगा धान्यानं काठोकाठ भरायचा, मग भोक उघडायचं की बरोबर तेवढंच धान्य खाली पिशवीत पडणार. दुकानदाराचं मापटं खरं की खोटं, याचा निकाल तिथल्या तिथं. या खळग्यांशेजारी आधी जुन्या मापांची नावं कोरलेली होती. ऑगस्टसच्या काळात मापं रोमच्या प्रमाणाशी जुळवायचं ठरलं तेव्हा गावच्या अधिकाऱ्यांनी जुनी नावं खोडली, खळगे पोखरून मोठे केले आणि ते केल्याचा लेख स्वतःच्या नावानिशी शिळेवर कोरून ठेवला. साम्राज्य गावात येतं ते असं, मापट्याच्या तळाशी बसून.

मापं फोडणाऱ्या गावठी एडाइलची थट्टा युवेनालच्या आधी कवी पर्सियसनंही केली होती; त्याचा एडाइल अर्रेटियमचा, आणि अंगात वारं शिरलेला. अपुलेयसचा तर अप्रतिम आहे, पण तो इटलीबाहेरचा, ग्रीसमधल्या हिपाटाचा. त्याच्या कादंबरीचा नायक बाजारातून मासे घेऊन निघतो तोच जुना मित्र भेटतो. हा आता बाजाराचा अधिकारी झालेला. किंमत ऐकून तो भडकतो, कोळ्याला फैलावर घेतो आणि कायद्याचा वचक बसावा म्हणून टोपलीतले मासे शिपायाकडून पायाखाली तुडवून घेतो. कोळ्याचे पैसे कोळ्याकडेच. नायकाचे पैसेही गेले आणि रात्रीचं जेवणही. मित्र मात्र कर्तव्य बजावल्याच्या समाधानात निघून जातो.

युवेनालच्या एडाइलला असं सुख नसणार. सेयानुसच्या पुतळ्याची भांडी झाली आणि या माणसाच्या वाट्याला भांडी फोडायचं काम आलं, हे दोन्ही त्या एकाच कवितेत, थोड्याच ओळींच्या अंतरानं आहे. युवेनालनं ते मुद्दाम केलं असेल तर तो माझ्या समजुतीपेक्षा मोठा कवी आहे. पण भांडं फोडायला धैर्य लागतं, आणि ते रोमपेक्षा उलुब्रायमध्ये जास्त लागतं. रोममध्ये लाखो माणसं; ज्याचं मापटं फोडलं तो पुन्हा समोर येईलच असं नाही. उलुब्राय ओस पडलेलं. जी काही घरं उरली त्यांत अर्धे भाऊबंद, अर्धे सोयरे. तेल्याचं माप तळाशी मेण लावून उथळ केलेलं आहे हे एडाइलला ठाऊक, गावाला ठाऊक, तेल्यालाही ठाऊक. तेल्याची बायको एडाइलच्या बायकोची मावसबहीण. तरी हा फाटका माणूस बाजाराच्या दिवशी उठतो, माप उचलतो, दगडी खळग्यात ओतून दाखवतो की एवढं कमी भरलं, आणि सगळ्यांच्या देखत ते उंबऱ्यावर आपटतो. खापऱ्या गोळा करायला पोरं धावतात. तेली कैवाऱ्याकडे तक्रार करीन म्हणतो. कैवारी रोमला असतो. दुपार होते, बाजार उठतो, आणि घरी बायको सांगते की दिव्यात घालायला तेल उरलेलं नाही आणि गावात तेली एकच आहे.